साहेब, बाहेर बायका आल्यात

साहेब, आधी त्या खिडकीपासून लांब व्हा. पडदा हलला की खालची घोषणा दुप्पट होते. तुमची ही पहिलीच मोठी खुर्ची आणि माझ्या निवृत्तीला उरलेत चार महिने. एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलंय, तेव्हा शिष्टमंडळ जिना चढून वर येईतो चार गोष्टी कानावर घालतो.

त्या आत आल्या की ‘मॅडम’ म्हणू नका. ‘ताई’ म्हणा. मॅडमला खुर्ची द्यावी लागते, वेतनश्रेणी द्यावी लागते. ताईचं चहावर भागतं. आपल्या राज्यात समानतेचे निम्मे प्रश्न या एका शब्दानं पुढच्या बैठकीपर्यंत ढकललेत. गंमत वाटत असेल, पण आपलं सगळं कामकाज शब्दांवरच चालतं, साहेब. पैसे नंतर येतात, किंवा येत नाहीत.

अंगणवाडीचंच घ्या. योजना १९७५ सालची. पोरांची वजनं, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाला माणसं गोळा करणं, आणि आता हे सगळं मोबाईलवर भरणं. एवढं करणाऱ्या बाईला चुकून ‘कर्मचारी’ म्हटलं असतं तर पेन्शनपर्यंत प्रकरण गेलं असतं. म्हणून ‘सेविका’. तिच्या हाताखाली ‘मदतनीस’. आणि महिन्याला मिळतं ते ‘मानधन’. खाली ‘मानधन नको, वेतन द्या’ असं ओरडतायत ना, त्यांना सांगा की हा व्याकरणाचा प्रश्न आहे, भाषा विभागाकडे पाठवतो.

फक्त मार्च २०१८ सारखी घाई करू नका. तेव्हा आपल्याच सरकारनं या सेविकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संप रोखणारा कायदा, लावला. म्हणजे महिनाअखेरीला ती समाजसेवा आणि संपाच्या दिवशी अत्यावश्यक सेवा! विधिमंडळात गदारोळ झाला, निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. हे दोन कागद एकाच टेबलावर कधी ठेवायचे नसतात, साहेब. एवढं साधं फायलिंग. बायका तरीही घाबरल्या नाहीतच. ४ डिसेंबर २०२३ ला बसल्या त्या जानेवारी उजाडला तरी संपावरच. आणि ग्रॅच्युइटीचा विषय निघाला तर ‘बघतो’ म्हणा. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अंगणवाडीवाल्यांना ती लागू आहे असं सांगितलंय. निकाल गुजरातच्या प्रकरणातला आहे, असं म्हणून बघायला हरकत नाही. पण त्या पुढच्या बाईंच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिसतेय ना? तिच्यात झेरॉक्स आहे. खुणा केलेली.

खासगीतले लोक या बाबतीत आपले गुरू. मुंबईतल्या एका जहाज कंपनीनं बायकांसाठी वेगळं पदच काढलं होतं, ‘लेडी स्टेनोग्राफर’. काम तेच, टाइपरायटर तोच, पगार कमी. ऑड्री डिकॉस्टा नावाच्या बाई कोर्टात गेल्या. कंपनी म्हणाली, या पदावर पुरुषच नाहीत, मग भेदभाव कुणाशी? शिवाय आमची परिस्थिती बेताची. केवढा सुंदर युक्तिवाद! १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो पटला नाही. ऐपत नाही म्हणून समान वेतनातून सुटका नाही, असं न्यायमूर्ती म्हणाले. १९७६ चा कायदा त्यांनी चक्क वाचला होता.

त्याहून सोपा उपाय म्हणजे बाई मोजायचीच नाही. ऊसतोडीत बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात. समान वेतन मागायचं तर आधी वेतन वेगळं दिसायला हवं. इथे बाईच वेगळी दिसत नाही. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते आणि हिशेबात अर्ध्या कोयत्याएवढी असते. खाडा झाला तर दंड मात्र लागतो. पाळीचे चार दिवस हाही खाडाच. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडमध्ये पाहणी केली, तर ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या फायलीवर विनोद करू नका, साहेब. मलाही जमत नाही. पुढे जाऊ.

पाळणाघर मागतील. कायदा पन्नास माणसांपासून लागतो, आणि हजेरीपटावर ४९ हा आकडा फार शोभून दिसतो.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचं विचारतील. २०१३ चा कायदा आहे, दहा माणसं असली की समिती लागते. आपल्याकडे आहे! फलक जिन्याखाली, झेरॉक्स मशीनच्या मागे. अध्यक्षा म्हणून ज्या बाईंचं नाव आहे त्यांची दोन वर्षांपूर्वी बदली झाली, पण नाव ऑइलपेंटनं लिहिलंय, पुसायचं कसं? बाहेरची सदस्य म्हणून मागच्या साहेबांच्या मेहुणीची संस्था होती. तक्रारी शून्य. अहवालात मी दरवर्षी ‘निरंक’ लिहितो. इतकं सुरक्षित कार्यालय जिल्ह्यात दुसरं नाही.

आणि ८ मार्चला कंजूषी नको. फेटे बांधा, रांगोळी स्पर्धा ठेवा, एखादीला ‘रणरागिणी’ म्हणा. सत्काराला जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी अशा क्रमानं भाषण करा. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकर किंवा गिरणी कामगारांच्या पार्वतीबाई भोर यांची नावं मात्र ओघात येऊ देऊ नका. त्यांनी बायकांना एकत्र करून मालकाच्या दारात नेलं होतं. फोटोला हार घालण्याइतक्या त्या अजून लांब गेलेल्या नाहीत.

आल्या वाटतं. आता नीट ऐका. निवेदन दोन्ही हातांनी घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, ‘मागण्या रास्त आहेत, वर कळवतो’ म्हणायचं. वर म्हणजे कुठे, ते बोलायचं नाही. एवढ्यावर पूर्वी त्या जायच्या. हल्ली पोच मागतात. पोच द्यायला शिक्का लागतो, म्हणून शिक्का मी सकाळीच कुलपात टाकला आणि किल्ली घरी विसरलोय असं सांगणार आहे.

हे मागच्या वेळीही सांगितलं होतं. त्या पिशवीवाल्या बाईंनी तेव्हा माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “असू दे भाऊ, आम्ही थांबतो.”

आज येताना दारात त्यांच्या पिशव्या पाहिल्या मी. झेरॉक्सच्या नव्हे, दुसऱ्या. भाकरी दोन वेळच्या आहेत. आणि सतरंज्या.