नाव घालणाऱ्याचा नंबर

आमच्या गिरगावातल्या शाळेचा वर्धापनदिन जवळ आलाय आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा दिवस खडाजंगी चालली आहे. प्रदर्शनात लेझर मशीन ठेवायचं, येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावाची स्टीलची किचेन दीड मिनिटात फुकट. कल्पना सगळ्यांना आवडली. मी मध्येच लिहिलं, की शेजारी हाताने नाव कोरणारा एक कारागीर बसवा, पोरांना बघू दे. त्यावर आमच्या वर्गातल्या एकाने (दहावीपर्यंत माझ्याच वहीतून भूमिती उतरवणाऱ्याने) लिहिलं, “पाच रुपये अक्षरवाल्याचं काय बघायचं? बर्मिंगहॅममध्ये बसून वारसा सुचतो बाई.” खाली अकरा हसरे चेहरे.

अकरा. मी मोजले.

माझं ऑफिस सेंट पॉल्स स्क्वेअरजवळ, म्हणजे ज्वेलरी क्वार्टरच्या, इथल्या जुन्या सोनारवस्तीच्या, तोंडाशीच. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी पंचेचाळीस पाउंड भरून मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. साठीची बाई, डोळ्याला भिंग, समोर वाळू भरलेली चामड्याची गोल उशी आणि उशीवर चांदीचा तुकडा. तळहातात मावेल अशा लाकडी मुठीचं हत्यार, त्याला इथे ग्रेव्हर म्हणतात. हात जागचा हलत नव्हता, फिरत होती ती उशी. वळणदार रेघ काढायची तर हत्यार वळवायचं नाही, चांदी वळवायची. तिरपं घासलेलं पोलादी टोक धातूला नुसतं ओरबाडत नाही, त्याचं केसाएवढं वेटोळं उचलून बाजूला टाकतं. मी प्रयत्न केला. माझं हत्यार घसरलं आणि अंगठ्यात गेलं. प्लास्टर त्यांच्याकडे तयारच होतं.

मग तिने आमच्या हातात तीन पट्ट्या दिल्या. लेझरची रेघ वरवर करपल्यासारखी, सगळीकडे सारखी. मशीनच्या हिरेटोकाची रेघ ओरखड्यासारखी, हीसुद्धा एकाच जाडीची. हाताची मात्र सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली, शेवटी पुन्हा निमुळती, बोरूने काढलेल्या वेलांटीसारखी. पट्टी कलती केली की त्या रेघेच्या तिरप्या कडेवरून उजेड घसरत जातो. पाच मिनिटांत आम्ही बाराच्या बारा जण डोळे मिटून, नखाने चाचपून कुठली कुठली ते ओळखत होतो.

लोकांना शिकवायचं म्हणजे मला वाटतं एवढंच. भाषण नको, तीन पट्ट्या पुरतात. इथे हाताने कोरणाऱ्यांची ‘हँड एन्ग्रेव्हर्स असोसिएशन’ आहे, तीही हा खटाटोप करते. गिऱ्हाइकाची नजर तयार झाल्याशिवाय कारागिराला भाव कोण देणार?

हे लिहिल्यावर आमचा भूमितीवाला म्हणाला, गोऱ्यांकडे पैसा आहे, वेळ आहे. पैसा! 2023 साली आमच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या महापालिकेने, दिवाळखोरीची नोटीस काढली, आणि 2025 च्या कचरा कामगारांच्या संपात माझ्या दारासमोर कचऱ्याच्या पिशव्यांवर उंदीर नाचत होते. दुसऱ्या एकाने सरकारी योजना पुढे केली. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, अवजारांसाठी पंधरा हजार मिळतात, हे मलाही माहीत आहे. त्यात सोनार आहे, लोहार आहे, नाव कोरणाऱ्याची वेगळी ओळ नाही. आणि अवजार मिळालं तरी बघणारा कुठून आणायचा? बर्मिंगहॅमला 1773 पासून ‘ॲसे ऑफिस’ आहे, म्हणजे सोन्याचांदीचा कस तपासून शिक्का मारणारी कचेरी. चांदीचा चमचा हातात आला की इथली म्हातारी माणसं आधी तो उलटा करून त्या कचेरीचा, जहाजाच्या नांगराचा शिक्का शोधतात. आपल्याकडेही बायका आता अंगठीच्या आत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, शोधतातच की. बघायला शिकवलं की माणसं बघतात.

आणि ‘पाच रुपये अक्षर’ हे गिरगावातल्या माणसाने म्हणावं? जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना 1869 मध्ये कुठे सुरू झाला? मुंबईतच. तिथल्या देवनागरी अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात. पोलादाच्या दांडीच्या टोकावर उलटं अक्षर हाताने कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकायचा, झालेल्या साच्यात शिशाचा रस ओतायचा, की छपाईचा खिळा तयार. मराठी आणि संस्कृत वाचणाऱ्यांच्या किती पिढ्या त्या खिळ्यांवर पोसल्या. हे सगळं मी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाइप केलं, म्हणजे तिकडे पहाटेचे पाच. उत्तर म्हणून एकाने ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं चित्र टाकलं.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. इथल्या हेरिटेज क्राफ्ट्स संस्थेने 2017 मध्ये धोक्यातल्या कलांची पहिली यादी काढली, त्यात हाताने शिवलेला क्रिकेटचा चेंडू ‘नामशेष’ म्हणून नोंदला होता. या देशात! आपल्या मैदानांवरचे चेंडू अजून मेरठला हाताने शिवले जातात. हे सांगितलं असतं तर माझी बाजू लंगडी झाली असती.

चाळीत भांड्यांवर नाव असायचं ते शोभेसाठी नव्हे. भांडी फिरायची. बारशाला आमची पातेली तळमजल्यावर, मुंजीला त्यांची पराती आमच्याकडे, आणि संध्याकाळी घासून झाल्यावर गॅलरीत ढीग लावून नावं वाचत वाटणी. भुलेश्वरात भांड्यांच्या दुकानाबाहेर एक काका बसायचे. मांडीवर तांब्या, हातात छोटी छिन्नी आणि हातोडी. टक टक टक, बारीक टिचक्यांची ओळ जोडत जायची आणि वर न बघता शिरोरेघ सरळ. नंतर त्यांच्याच शेजारी घुर्र करणारा इलेक्ट्रिक पेन घेऊन एक मुलगा बसायला लागला. माझ्या लग्नाची सगळी भांडी त्या मुलाकडून झाली, कारण आईला घाई होती आणि तो दुकानदारातर्फे फुकट घालून देत होता. एक घागर तेवढी काकांच्या हातची, मामाने दिलेली. तिच्यावर माझं माहेरचं नाव होतं.

होतं म्हणते, कारण चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आईने फोनवर विचारलं होतं, माळ्यावरच्या भांड्यांचं काय करू. मी सुपरमार्केटच्या रांगेत होते. म्हटलं, आई, मोडीत घाल, कोण वापरणार आहे आता. किलोवर गेली सगळी. पितळेला बरा भाव आला, असं ती आनंदाने म्हणाली होती.

इथल्या माझ्या स्वयंपाकघरात एकाही भांड्यावर नाव नाही. गरजच नाही. सोळा वर्षांत माझं एकही पातेलं शेजारी गेलेलं नाही.

काल भूमितीवाल्याने वेगळाच सूर लावला. म्हणाला, बरं, बसवू तुझा कारागीर, लेझरच्या शेजारी टेबल देतो, दिवसाचे तीन हजारही देऊ, बाकीचं तू बघ. कुठे असतो तो? नंबर पाठव.

तेव्हापासून मी ग्रुप उघडलेला नाही. भुलेश्वरच्या त्या गल्लीत मी शेवटची गेले ते लग्नाच्या खरेदीला. त्यानंतर मुंबईला सात वेळा आले, दर वेळी लोअर परळच्या मॉलमध्ये जाऊन आले. काकांचं नाव काय होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.