राखीव दिवस शेवटी नको, मध्ये हवा

रतनगड ते हरिश्चंद्रगड रेंज ट्रेकसाठी 'ठाण्यात उघडीप दिसली की निघा, एक राखीव दिवस शेवटी ठेवा' असा सल्ला लेखात दिलाय. दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. ठाण्याचं आभाळ अकोले तालुक्यातल्या (अहिल्यानगर जिल्हा) डोंगराबद्दल काही सांगत नाही. ठाणे जिल्ह्याचा अलर्ट बघून कसाऱ्याची लोकल पकडण्यात अर्थ नाही, हवामान खातं नाशिक आणि पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, तो आधी वाचा. त्यातल्या 'मुसळधार' शब्दालाही माप आहे: २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर. तेवढ्या पावसात कातळावरचे ओढे तासाभरात अंगावर येतात.

राखीव दिवस शेवटी ठेवला तर तो घरी झोपण्यात जातो. अडकायला होतं ते मध्येच, म्हणून तो वाटेतल्या कुमशेत गावी धरा. गावात छप्पर मिळतं आणि गाडीरस्ताही आहे, म्हणजे तिथूनच सुटता येतं. पुढे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईकडे जायचं की नाही हे ओढ्याकडे बघून ठरवा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, की वर पाऊस झालाय, पाणी चढणार. गुडघ्यावर पाणी असेल तर उतरूच नका, दोन-तीन तास थांबलात तर बऱ्याचदा ओसरतं. त्याहून कमी असलं तरी सॅकचा कमरेचा पट्टा सोडूनच पाण्यात पाय टाका, पडलात तर सॅक झटकन फेकता येते. आणि ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी रतनगड आणि कुमशेतच्या मधली कात्राबाईची खिंड दुपारच्या आत ओलांडावी, परतीच्या पावसातल्या विजा बहुधा दुपारनंतरच येतात. लेखात विजांचा साधा उल्लेखही नाही!