नाचत नेली म्हणून दुःख नव्हतं?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या सुटाबुटातल्या माणसांचा व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला. सोबतचा मजकूर अजून फिरतो: ‘आफ्रिकेत माणूस मेला की रडत नाहीत, नाचतात. नावाचेच ख्रिस्ती, चर्चही काही बोलत नाही. वर पैशाची उधळपट्टी.’ कुणाच्या तरी मयतावर आपण इतकं हसलो याचं मला अजून वाईट वाटतं.

मुळात तो व्हिडिओ घानाचा, अख्ख्या आफ्रिकेचा नव्हे. ते खांदेकरी बेंजामिन ऐडू यांच्या गटाचे, आणि तो त्यांचा धंदा आहे. गंभीरपणे न्यायचं की थाटात, हे ते घरच्यांना आधी विचारतात.

‘रडत नाहीत’ हे तर धादांत खोटं. तिथल्या आकान लोकांत शोकाचे रंगच ठरलेले आहेत, लाल आणि काळा. बायका मृताचं नाव, कूळ, पूर्वज यांची आठवण काढत शोकगीतं म्हणतात. आपल्याकडे बाया गेलेल्याचे गुण आठवत हेल काढून रडतात ना, तसंच. बहुतेकदा शनिवारी दफन होतं आणि रविवारी तेच कुटुंब पांढरं-काळं नेसून चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या उपासनेला बसतं. दुःख तेवढंच असतं, पण जगून गेलेल्या आयुष्याबद्दल देवाचे आभारही मानायचे असतात. पतवंडं पाहून गेलेल्या म्हाताऱ्याला आपणही टाळ-मृदंगाच्या गजरात नेतो. तेव्हा त्याच्या मुलांना दुःख नाही असं कोण म्हणतं?

चर्च गप्प आहे, हेही खरं नाही. घानाची राजधानी अक्रा, तिच्याजवळच्या तेशी इथले सुतार मासा, कोकोची शेंग, विमान अशा आकाराच्या शवपेट्या घडवतात. अनेक चर्च त्या आत आणू देत नाहीत. बायबलच्या आकाराची मात्र सहसा चालते. पूर्वजांसाठी जमिनीवर मद्य ओतण्यालाही अनेक चर्चचा विरोध आहे. उलट बाजूनं, कॅथलिक चर्चच्या जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्येच उपासनेविषयीच्या दस्तऐवजात, कलम ८१ मध्ये, सांगून ठेवलंय की अंत्यविधीतून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची आशा दिसावी आणि तो त्या त्या प्रदेशाच्या परंपरांना जुळावा, अगदी वस्त्रांच्या रंगापर्यंत.

राहिला पैसा. खर्च अफाट होतो, आणि घानातले धर्मगुरूच त्यावर टीका करतात. पण मयताच्या मांडवातलं देणगीचं टेबलही बघा. येणारा जमेल ती रक्कम देतो, ती वहीत लिहिली जाते, पावती मिळते, माईकवरून नाव पुकारलं जातं. त्या पैशातून दफनाचा खर्च भागायला हातभार लागतो. उद्या देणाऱ्याच्या घरी मयत झालं की या घरानंही तिकडे जायचं असतं.