पहिल्याच शब्दाला अडलेला कट्टा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तलावपाळीवर टेकायला जागा मिळत नाही. आमच्या पाच जणांचा कट्टा मात्र आम्ही वडिलोपार्जित जमिनीसारखा राखून ठेवलेला आहे. त्या दिवशी शनिवार होता, आणि आमच्यातला शालोम, धर्माने ज्यू, शनिवारी आकाशात तीन तारे दिसल्याखेरीज येत नाही. ठाण्याच्या आकाशात हल्ली तीन तारे दिसण्यापेक्षा टेंभी नाक्यावर गाडी लावायला जागा मिळणे सोपे, त्यामुळे तो सिनेगॉगमधल्या छापील वेळापत्रकावर भागवतो. शब्बाथभर, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसभर, त्याचा फोन बंद असतो, म्हणून इंजिनिअरने सकाळीच ग्रुपवर टाकलेला तो संदेश त्याने कट्ट्यावर येऊन, चहा हातात घेतल्यावर वाचला. संदेश तुम्हालाही आलाच असेल. तोच तो, देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली ही बायबलातली कथा म्हणजेच विज्ञानाचा बिग बँग, असे सांगणारा.

योग असा की त्याच सकाळी सिनेगॉगमध्ये तोराच्या, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, पहिल्या भागाचे वाचन झाले होते. वर्षभर चाललेले वाचन बुधवारी सिम्हाथ तोराच्या सणाला संपले आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले, असे शालोमने सांगितले, तेव्हा इंजिनिअरला आपलाच मुद्दा सिद्ध झाल्यासारखे वाटले. आमचा इंजिनिअर केवळ नोकरीतून निवृत्त झालेला आहे. निकाल देण्याच्या कामातून तो अद्याप निवृत्त झालेला नाही.

"यात वाद घालण्यासारखे काहीच नाही," त्याने सुरुवात केली. "देव म्हणाला, प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला, यालाच विज्ञान बिग बँग म्हणते. दिवस म्हणजे युग. हजारो वर्षांपूर्वी तुमच्या लोकांनी हे लिहून ठेवले, आणि आमच्या लोकांनी त्याच्याही आधी."

"मग गवत तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी, याचे काय करायचे?" मास्तरांनी विचारले. मास्तरांनी पस्तीस वर्षे गणित शिकवले असल्यामुळे त्यांचा प्रश्न ऐकताना आपला गृहपाठ राहिल्याची भावना अजूनही होते. "एका युगभर गवत अंधारात उगवत राहिले काय?"

इंजिनिअरने देवाच्या दृष्टीने हजार वर्षे म्हणजे कालचा एक दिवस, हे नव्वदाव्या स्तोत्रातले वचन काढले. मास्तरांनी बोटेही न मोडता हिशेब सांगितला: सहा दिवसांची सहा हजार वर्षे होतात, विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, तेव्हा उरलेल्या रकमेची तजवीज इंजिनिअरने करावी.

शालोम इतका वेळ गप्प होता. त्याचे पूर्वज अलिबागच्या बाजूचे, शनवार तेली म्हणून ओळखले गेलेले. आठवड्याचे सहा दिवस घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडायचा, एवढ्यावरून गावाने त्यांना नाव दिले. आजोबांचे जीर्ण पुस्तक तो अजून बोट ठेवून, हळूहळू वाचतो. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही दोघे चौथ्या दिवसापर्यंत पोहोचलात. आमचे लोक नऊशे वर्षे पहिल्या शब्दालाच अडलेले आहेत."

तो शब्द म्हणजे 'बेरेशीत'. आपण सरळ 'प्रारंभी' असे भाषांतर करून पुढे जातो. परंतु फ्रान्समधल्या त्र्वा गावच्या राशी नावाच्या भाष्यकाराने (हा १०४० ते ११०५ या काळातला, आणि आजही शाळकरी मुले तोरा शिकतात ती त्याच्याच भाष्याच्या आधाराने) तिथे बोट ठेवले. हा शब्द हिब्रूत षष्ठीच्या नात्याने येतो, म्हणजे नुसता 'प्रारंभी' नव्हे, तर 'अमुक गोष्टीच्या प्रारंभी'. आता ती अमुक गोष्ट कोणती, हे तर पुढे दिलेलेच नाही. म्हणून राशी म्हणतो, हे वचन एवढेच सांगते की माझा अर्थ लावा. आणि तो अर्थ लावतो तो असा: देव आकाश आणि पृथ्वी घडवू लागला तेव्हा पृथ्वी ओसाड होती, खोल पाण्यावर अंधार होता, आणि मग देव म्हणाला, प्रकाश होवो. पुरावा म्हणून तो दुसऱ्याच ओळीतल्या पाण्याकडे बोट दाखवतो. पाणी केव्हा निर्माण केले हे कुठेच आलेले नाही, आणि तरी ते तिथे आहे. तेव्हा कोणते आधी आणि कोणते नंतर हे सांगण्यासाठी ही ओळ लिहिलेलीच नाही.

"म्हणजे ज्याला तू वेळापत्रक समजून शास्त्रज्ञांच्या वेळापत्रकाशी जुळवतो आहेस," शालोम इंजिनिअरकडे वळला, "ते वेळापत्रक नाही, हे आमच्या सर्वांत मान्य भाष्यकाराने पहिल्या पानावरच सांगून ठेवलेले आहे. तू गाडीची वेळ ताडून पाहतो आहेस, आणि हातात तुझ्या लग्नपत्रिका आहे."

इंजिनिअरला लग्नपत्रिकेवरून भलतेच आठवले. ज्या वर्षी भारताने विश्वचषक जिंकला, त्याच वर्षी आमच्या संघाचा अंतिम सामना शनिवारी होता आणि संघाचा एकमेव खरा गोलंदाज शालोम आला नव्हता. "तुझ्या देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली, आणि आम्ही चार धावांनी हरलो," हे वाक्य इंजिनिअर दर दिवाळीला म्हणतो.

"मी सातव्या दिवशी थांबलो," शालोम शांतपणे म्हणाला, "तू खेळपट्टीच्या मधोमध थांबला होतास." त्या धावबादाचा उल्लेख निघाला की इंजिनिअरचा चहा निवतो. तसा तो आजही निवला.

मास्तरांना मात्र शालोमला सहजासहजी सोडायचे नव्हते, आणि मला वाटते या चर्चेतला खरा सामना इथे होता. त्यांनी विचारले की एका पुस्तकात दोन कथा कशा? पहिल्या अध्यायात वनस्पती, प्राणी आणि शेवटी स्त्री-पुरुष एकत्रच. दुसऱ्यात आधी मातीचा पुरुष, मग बाग, मग प्राणी आणि अगदी शेवटी स्त्री. देवाचे नावही दोन्हीकडे वेगळे. आस्त्र्युक नावाच्या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये हे दोन धागे सोडवून दाखवले होते. शिवाय निनवेच्या मातीच्या विटांवर सापडलेली बाबिलोनी सृष्टिकथा जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात मार्दुक हा देव तियामत या आदिजलाच्या देवीला मारून तिच्या देहाचे आकाश आणि पृथ्वी करतो. आणि तुमच्या खोल पाण्याचा 'तेहोम' हा शब्द तियामतच्याच भावकीतला आहे. "मग ही कथा देवाची की शेजाऱ्याची?"

शालोमने हा वार चुकवला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. दोन कथा आहेत हे त्याने मान्य केले, शेजारही मान्य केला. "पण शेजाऱ्याकडून आणलेल्या भांड्यात काय शिजवले ते पाहा," तो म्हणाला. "तिथे लढाई आहे, इथे कोणाशीही लढाई नाही. तिथे सूर्य आणि चंद्र देव आहेत, इथे त्यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत. मोठा दिवा आणि धाकटा दिवा, एवढेच म्हटले आहे. शब्द आहे 'माओर'. पुढे निवासमंडपात, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूत, जो दिवा तेवत ठेवायचा, त्याच्या तेलासाठी हाच शब्द येतो: दिव्यासाठी तेल. ज्याला सारा बाबिलोन नमस्कार करत होता, त्याला यांनी घरातल्या दिव्याच्या ओळीत नेऊन बसवले. मी तेल्याचा नातू आहे, मला हे विज्ञानापेक्षा मोठे वाटते."

समोर पाण्याच्या कडेला एक मुलगी पणत्या लावत होती. वाऱ्याने तिसरी विझली की ती पहिलीवरून पुन्हा पेटवत होती, आणि आम्ही पाचही जण, म्हणजे झोपलेला बापू सोडून चौघे, थोडा वेळ तिकडेच पाहत राहिलो.

इंजिनिअरने एवढ्यात नासदीय सूक्त आणले. ते येणार हे आम्हाला ठाऊकच होते. परंतु त्याचा उपयोग मास्तरांनी करून घेतला. आपला ऋषी शेवटी म्हणतो की वरून पाहणाऱ्याला हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल; उलट तुमचे रब्बी, म्हणजे धर्मपंडित, 'बेरेशीत रब्बा' या संग्रहात म्हणतात की तोरा 'बेथ' अक्षराने सुरू होते, ते अक्षर वर, खाली आणि मागे बंद असून पुढेच उघडे आहे, म्हणून त्याआधी काय होते ते विचारू नका. आमच्याकडे दार उघडे, तुमच्याकडे बंद.

"आणि त्याच संग्रहात, थोडी पाने उलटल्यावर, रब्बी अबाहू सांगतात की हे जग घडवण्याआधी देव जगे घडवत होता आणि मोडत होता," शालोम हसून म्हणाला. "दार बंद आहे खरे, पण आमच्या रब्बींनी फटीला डोळा लावायचे कधी सोडले नाही."

मग तो इंजिनिअरला म्हणाला की मैमोनिदिस या ज्यू तत्त्वज्ञाने बाराव्या शतकात लिहून ठेवले आहे, विश्व अनादी असल्याचे सिद्ध झाले असते तर मी वचनांचा अर्थ त्याप्रमाणे लावला असता, अर्थ लावण्याची दारे काही बंद झालेली नाहीत. पण ते सिद्ध झालेले नाही. "त्याने ज्ञानापुढे अर्थ वाकवण्याची तयारी ठेवली. ज्ञान आल्यावर 'हे तर आमच्याकडे होतेच' असे तो म्हणाला नाही. तुझ्या संदेशात आणि त्याच्यात एवढाच फरक आहे."

"मग सृष्टीपासून मोजलेले तुमचे वर्ष ५७८६, ते कशाचे?" इंजिनिअर चिडून म्हणाला.

"ते पंचांग आहे. तुझ्या पत्रिकेतला मंगळ जितका आकाशात आहे, तितकेच."

मंगळाचे नाव निघताच बापू जागा झाला. शालोमचे लग्न मंगळवारी झाले होते, आणि बापूची आत्या मांडवात शेवटपर्यंत काळजी करत बसली होती की मंगळवारी कोण लग्न करते. तेव्हा शालोमच्या आईने तिला समजावले होते की दुसऱ्या दिवशी देवाने 'चांगले आहे' असे एकदाही म्हटले नाही आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारपासून मोजता मंगळवारी, दोनदा म्हटले, म्हणून आमच्यात मंगळवार शुभ. आत्याचे समाधान झाले नाही, पण जेवण तिने दोनदा चांगले म्हटले, असे बापूने सांगितले आणि तो पुन्हा पेंगू लागला.

एवढ्यात मास्तरांना शंका आली. सृष्टीच्या उत्पत्तीचे विवरण दोघांपुढेसुद्धा करू नये, एकाच श्रोत्यापुढे करावे, असा मिश्नाचा, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाचा, नियम शालोमनेच मागे सांगितला होता, आणि आज तर श्रोते चार होते.

शालोमने एकेकाकडे बोट करून मोजले. "बापू झोपलेला आहे. इंजिनिअर ऐकत नाही. हा," म्हणजे मी, "नंतर लिहिताना सगळे बदलणार आहे. तेव्हा श्रोता एकच उरतो, मास्तर, आणि तुम्हाला माझे पटलेले नाही. नियम मोडलेला नाही."

चहाचे पैसे इंजिनिअरने दिले. हे मात्र आजवर एकदाही झालेले नव्हते.