‘रेशन फुकट, तरी पोर कुपोषित? म्हणजे आईच आळशी!’

सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. रेशन फुकट, अंगणवाडीचा खाऊ फुकट, लोहाच्या गोळ्या फुकट. तरी वस्त्यांमधली पोरं कुपोषित, कारण आया आळशी, पोराच्या हातात पाच रुपयांचं पाकीट देऊन मोकळ्या होतात. वर पुन्हा, ‘कुपोषण मेळघाटात असतं, आपल्याकडची पोरं आईबापांवर गेलीत, म्हणून बुटकी.’

मेळघाटचं आधी उरकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, ३६.१ टक्के कमी वजनाची. एवढी मुलं एका मेळघाटात मावणार नाहीत.

बुटकेपणाचं म्हणाल, तर वाढीचे जे तक्ते अंगणवाडीत वापरतात ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढले, सहा देशांतली मुलं मोजून. त्यात नॉर्वे होतं, तशी आपली दिल्लीही होती. खाणंपिणं आणि घरची परिस्थिती चांगली असेल तर पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचं पोरही नॉर्वेच्या पोराइतकंच वाढतं.

आता फुकट रेशन. रेशनकार्डाच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य. पोट भरायला त्याचा आधार होतो, तो नाकारायचं कारण नाही. पण डाळ, तेल, अंडं, दूध, पालेभाजी पदरचीच. आणि दहा महिन्यांच्या बाळाचं पोट ते केवढं! पातळ पेजेने ते भरतं, पण अंगी काही लागत नाही. त्याला घट्ट वरणभात लागतो, वर तेलाची नाहीतर तुपाची धार, आणि तोही दिवसातून तीन-चार वेळा, कुणीतरी शेजारी बसून भरवलेला.

हे ‘कुणीतरी’ कोण, तेवढं मेसेजवाल्याने सांगावं. सोलापूरच्या पूर्वभागातल्या कुठल्याही विडी वळणाऱ्या बाईच्या दारात जरा उभं राहून बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या म्हणजे अख्खा दिवस, आणि मजुरी नगावर. त्यातल्या खराब म्हणून काढून टाकल्या, तर तेवढी मेहनत पाण्यात. बाळाला भरवायला उठायचं म्हणजे तंबाखूचे हात आधी साबणाने धुवायचे; आणि नळाला पाणी काही दिवसांआड. साठवणीच्या पिंपातलं पाणी खराब झालं की जुलाब, आणि महिन्याभरात कमावलेलं वजन आठवड्यात जातं. या बाईला आळशी म्हणायला जीभ कशी रेटते, कोण जाणे!

तिच्या स्वतःच्या अंगात तरी रक्त कुठे आहे? त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि गरोदरपणातही सूप मांडीवरून उतरत नाही. बाळ पोटातच कमी वजनाचं होतं, त्याचा दोष नंतरच्या पाकिटावर कसा टाकणार?

पाकिटांचा मुद्दा खरा आहे. चहा-बिस्किटं, मसालेदार पाकिटं सर्रास दिली जातात, आणि त्याने भूक मरते. पण पाकिटाला चूल लागत नाही, हात धुवावे लागत नाहीत, पोर तासभर गप्प बसतं. तोच तास विड्यांना मिळतो. अंगणवाडीत बसून गरम जेवण मिळतं तीन वर्षांपुढच्या मुलांना. त्याखालच्यांचा आहार घरी येतो आणि घरी तो चार पोरांत वाटला जातो.

विडी-सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा होता. त्यात पाळणाघराची तरतूद होती, पण कारखान्याच्या आवारातली. घरी बसून वळणाऱ्या बाईच्या बाळाला दुपारी कुणी भरवायचं, यावर त्या लांबलचक मेसेजमध्ये एक ओळ नाही.