"जुना गेज सगळ्याला चालतो": उन्हाळ्याआधी फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या दोन उन्हाळ्यांपासून एसी-फ्रिजच्या मेकॅनिक मंडळींच्या फोनवर गेजबद्दल, म्हणजे मशीनमधल्या गॅसचा दाब दाखवणाऱ्या डायलबद्दल, एक मेसेज फिरतो आहे. यंदा होळीच्या आधीच तो मला चार जणांनी पाठवला. त्यातला एक मुलगा आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला. त्याने खाली विचारलं होतं, "काका, मग नवीन गेज घेऊ नको ना?" हे उत्तर मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

मेसेज असा: "नवीन पोरांनो, गेजवर पैसे घालू नका. दाब म्हणजे दाब, आर-22चा जुना गेज सगळ्या गॅसला चालतो. आर-22ला 60 आणि आर-32ला 120 पाठ करा, काटा तिथं आला की गॅस पूर्ण. व्हॅक्यूममध्ये काटा 30वर गेला की पंप बंद करा. एकाच सेटवर फ्रिज, एसी, डीप फ्रीजर सगळं होतं. डिजिटल गेज हा शहरातल्यांचा दिखावा. खरा गेज म्हणजे मेकॅनिकचा हात."

आर-22, आर-32 ही मशीनमध्ये भरायच्या वेगवेगळ्या गॅसची नावं, आणि व्हॅक्यूम म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने पाइपांतली हवा काढणं. पहिला मुद्दा: दाब म्हणजे दाब. हे अर्धं खरं आहे. डायलवरचा पीएसआयचा (दाब मोजायच्या एककाचा) आकडा कोणत्याही गॅसला तोच असतो. आतल्या रंगीत वर्तुळांत त्या-त्या गॅसचं तापमान छापलेलं असतं. ते वर्तुळ नसलं तरी फोनवर दाब-तापमानाचा तक्ता उघडून काम भागतं. तेव्हा "डायलवर आर-32 लिहिलेलं नाही" एवढ्यासाठी कोणी गेज फेकू नये.

पण गेज किती दाब सोसतो, हा प्रश्न वेगळा आहे, आणि आपल्या विदर्भात तो सगळ्यात मोठा आहे. आर-22च्या जुन्या सेटचा निळा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, गेज बहुधा 120पर्यंत मोकळा वाचता येतो, पुढे 250पर्यंत आकडे दाटीवाटीने असतात आणि तिथे डायल संपतो. आता मे महिन्यातली दुपार धरा. वीज सकाळपासून गेलेली, एसी बंद, खोलीतलं युनिट आणि बाहेरचं युनिट दोन्ही 40 अंशांवर आलेले. बंद मशीनमध्ये सक्शन (गॅस कॉम्प्रेसरकडे येण्याची बाजू) आणि डिस्चार्ज (तिथून बाहेर पडण्याची बाजू) दोन्हीकडे एकच दाब बसतो, त्या तापमानाचा. आर-22 असेल तर तो साधारण 208 पीएसआय. म्हणजे जुन्या निळ्या गेजच्या हद्दीत. म्हणून आपल्या उस्तादांच्या पिढीला कधी अडचण आली नाही, आणि म्हणूनच त्यांचा अनुभव खोटा नाही. पण त्याच खोलीत आर-32 असेल तर दाब 345च्या आसपास. खोली 35 अंशांवर असली तरी 300. मशीन सुरू करायच्या आधी, नुसती चार्जिंग लाइन, म्हणजे गेजची नळी, जोडली की निळा गेज हद्दीबाहेर गेलेला असतो.

हे मी माझ्याच गेजवर पाहिलं आहे. पुलगावजवळच्या एका गावात औषधाच्या दुकानातला एसी होता. माझ्या हाताखालच्या मुलाने भर दुपारी बंद मशीनला आर-22चा सेट जोडला. काटा खाडकन टोकाला जाऊन आपटला. गेज फुटला नाही, म्हणून आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. गेजच्या आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली एक पातळ नळी असते, बोर्डन ट्यूब. ती हद्दीबाहेर ताणली गेली की पूर्ण मागे येत नाही. माझा काटा लाइन मोकळी असतानाही 15वर थांबत होता आणि मला ते आठवडाभराने कळलं. तोवर तीन घरांचे एसी मी 15 पीएसआयने कमी भरून आलो होतो. तिन्ही ठिकाणी स्वतःच्या खर्चाने परत गेलो. त्या तीन घरांपैकी एकात बाळंतीण होती. ते मला अजून टोचतं.

मशीन चालू असताना लाल, म्हणजे डिस्चार्जकडच्या, गेजचं काय होतं तेही पाहा. एसीची क्षमता मोजण्याची मानक चाचणी बाहेरचं तापमान 35 अंश धरून होते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा 45 गाठतो. गॅस कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या कॉइलमध्ये, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 12 ते 15 अंश वरच्या तापमानाला द्रव होतो, म्हणजे 60च्या जवळ. त्या तापमानाला आर-22चा दाब 335च्या आसपास आणि आर-32चा 550च्या आसपास. जुना लाल गेज 500ला संपतो. घरगुती स्प्लिटला बहुधा डिस्चार्जकडे पोर्ट (लाइन जोडायचं तोंड) नसतं, त्यामुळे हे रोज दिसत नाही. पण मंगल कार्यालयाच्या, बँकेच्या मोठ्या मशीनवर दिसतं. त्यात हिंगणघाट, वणी, अकोटसारख्या जिनिंगच्या गावांत कंडेन्सरवर कापसाचं तंतू-पीस चिकटलं असेल तर दाब अजून वर. तिथे आधी कंडेन्सर धुवा, मग गेज लावा.

म्हणून घ्यायचा सेट असा: निळा गेज 500पर्यंत दाब सोसणारा, लाल 800चा, आणि तिन्ही लाइनींवर काम करण्याचा दाब 800 व फुटण्याचा 4000 छापलेला. जुन्या लाइनी बऱ्याचदा कमी दाबाच्या असतात. त्या गेजपेक्षा जास्त धोक्याच्या, कारण लाइन हातात असते. आर-410ए आणि आर-32च्या अनेक मशीनवर पोर्ट दोन सुताचं नसून अडीच सुताचं असतं. जुना, कमी दाबाचा सेट त्यावर चढू नये, हाच त्यामागचा हेतू. बाजारात मिळणारा अ‍ॅडॉप्टर लावून जुना सेट चढवणं म्हणजे मुद्दाम बसवलेलं कुलूप तोडणं. अ‍ॅडॉप्टर जरूर वापरा, पण 800च्या सेटवर.

आता 60 आणि 120. मेसेजमधला हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो, कारण यात मशीन मरतात.

गेज दाब दाखवतो. त्या दाबावरून कूलिंग कॉइलमध्ये गॅस किती तापमानाला उकळतो आहे, ते कळतं. मशीनमध्ये गॅस किती आहे, हे त्यातून थेट कळत नाही. 60 पीएसआयला आर-22 साधारण 1 अंशाला उकळतो. त्याच 60ला आर-134ए 17 अंशांना आणि आर-32 उणे 13 अंशांना. गॅस बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो, एवढं मेसेज लिहिणाऱ्यालाही मान्य आहे, म्हणून त्याने दोन आकडे दिले. पण एकाच गॅसवरही आकडा फसवतो. आर-22च्या तीन मशीन समोर धरा, तिन्हींचा काटा 60वर. पहिलीची सक्शन लाइन, कॉम्प्रेसरजवळ, 8 अंश. उकळण्यापेक्षा 7 अंश वर. ठीक आहे. दुसरीची 25 अंश. कॉइल उपाशी आहे, गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी, म्हणजे कॉइलकडे गॅस सोडणारी बारीक नळी, अडली आहे. तिसरीची 2 अंश, कॉम्प्रेसरचं डोकंसुद्धा घामेजलेलं. द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत येतो आहे. गॅस जास्त आहे किंवा आतली जाळी धुळीने बंद आहे. काटा तिन्ही ठिकाणी एकच सांगतो. फरक पाइपचं तापमान सांगतं. या फरकाला सुपरहीट म्हणतात आणि तो काढायला पाइपला चिमट्यासारखा लावायचा साधा थर्मामीटर पुरतो.

दुसरी गोष्ट हवामानाची. मे महिन्यात 38 अंशांच्या खोलीत एसी नुकताच सुरू केला तर आर-22चा काटा 60च्या बराच वर राहतो, कारण कॉइलवर उष्णतेचा भार तेवढा आहे. पाठ केलेल्या 60वर आणायला कोणी गॅस सोडून दिला, तर पावसाळ्यात त्याच कॉइलवर बर्फ धरतो. उलट, गोंदियाच्या डिसेंबरात काटा आपोआप खाली असतो. तेव्हा कोणी 60पर्यंत भरला, तर तो कॉम्प्रेसर मे महिन्यात वारंवार ट्रिप होतो.

इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि काटा त्याच्याबरोबर हलतो. तिथे आर-32 वजन करूनच भरायचा. नेमप्लेटवर ग्रॅम लिहिलेले असतात, पाइप जास्त लांब असेल तर दर मीटरमागे किती वाढवायचे तेही पुस्तिकेत असतं. वजनकाटा हा गेजइतकाच गेज आहे. माझ्याकडे पैसे एकाच वस्तूपुरते असते, तर महागड्या मॅनिफोल्डऐवजी, म्हणजे गेज-वॉल्व्हच्या सेटऐवजी, मी आधी वजनकाटा घेतला असता.

व्हॅक्यूमचा 30चा आकडा आपल्या भागात मुळातच चुकीचा आहे. काटा 30 इंच (पाऱ्याचे) दाखवेल तो समुद्रकाठी, जवळपास. कारण गेज आजूबाजूच्या हवेशी तुलना करून दाखवतो. नागपूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरवर आहे, तिथे पूर्ण निर्वात झालं तरी काटा 29च्या आतबाहेर थांबेल. चिखलदरा 1100 मीटरवर. तिथल्या हॉटेलात काम करताना 26 इंचांच्या वर काही केल्या जाणार नाही. तिथे 30ची वाट पाहणारा मेकॅनिक पंपाला दोष देत बसेल.

शिवाय हवा गेली म्हणजे पाणी गेलं असं नाही. मायक्रॉन हे त्याहून बारीक माप, एक इंच म्हणजे 25,400 मायक्रॉन. आपल्याला गाठायचे असतात 500 मायक्रॉन, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग. काट्याच्या जाडीत तो हरवतो. 30 अंशांच्या पाइपात अडकलेलं पाणी उकळायला दाब साधारण 32,000 मायक्रॉनच्या खाली यावा लागतो आणि सगळं वाफ होऊन निघायला पंप बराच वेळ चालावा लागतो. श्रावणात तर जास्तच. आर-32 आणि आर-410एच्या कॉम्प्रेसरमधलं पीओई तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यातून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जातं. म्हणून वेगळा मायक्रॉन गेज हवा. पंपाचा वॉल्व्ह बंद करून 10 मिनिटं बघा. आकडा चढत जाऊन कुठेतरी थांबला तर ओलावा, थांबतच नसेल तर लिकेज. गॅस सोडून हवा ढकलून देण्याची जुनी सवय तर आर-32च्या बाबतीत पूर्ण सोडा. ओलावा त्याने जात नाही, आणि हा गॅस पेट घेऊ शकतो.

एका सेटवर फ्रिज आणि एसी? आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए असतो. उणे 25ला उकळताना त्याचा दाब हवेपेक्षा कमी असतो, म्हणजे चालू फ्रिजवर काटा व्हॅक्यूमच्या बाजूला, 12-13 इंचांवर दिसायला हवा. जुन्या फ्रिजमधल्या आर-134एच्या सवयीने काटा शून्याच्या वर आणला की तो फ्रिज जास्त भरला गेला. त्यात एकूण गॅसच काही ग्रॅम, लांब लाइनीत राहणारा गॅससुद्धा तिथे हिशेबात धरावा लागतो. फ्रिजसाठी आखूड लाइनींचा वेगळा लहान सेट ठेवा. एसीच्या लाइनींत राहिलेलं तेल फ्रिजमध्ये जाऊ देऊ नका.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात शीतगृहाचं काम कोणी बोलावलं, तर आधी विचारा, अमोनिया आहे का. अमोनिया तांबं आणि पितळ खातो. आपला कोणताही मॅनिफोल्ड तिथे लावायचा नाही, नवा असो की जुना.

डिजिटलबद्दल मेसेजशी माझं फारसं भांडण नाही. त्यात तापमानाचे चिमटे जोडता येतात, सुपरहीट स्वतः काढून मिळतो, शेकडो गॅसचे तक्ते आत असतात. दिवसाला सहा मशीन करणाऱ्याला तो वेळ वाचवून देतो. पण तालुक्याच्या गावाहून मोटरसायकलवर 40 किलोमीटर जाणाऱ्या मुलाला मी आज सांगेन: रबरी आवरणाचा 800चा साधा दोन वॉल्व्हचा सेट, चिमट्याचा थर्मामीटर, वजनकाटा, मायक्रॉन गेज. डिजिटल नंतर. कच्च्या रस्त्यावरच्या दचक्यांनी काटा हलतो, म्हणून प्रत्येक कामाआधी लाइन मोकळी सोडून काटा शून्यावर आहे का बघायचं. नसेल तर काचेखालचा स्क्रू फिरवून आणायचा. आणि स्क्रू फिरवूनही वरचे आकडे पटत नसतील, तर तो गेज ताणलेला आहे. त्याच्या काचेवर फुली मारून बाजूला ठेवायचा.

राहिला मेकॅनिकचा हात. माझ्या उस्तादांचा हात मी पाहिला आहे. पाइपवर ठेवून ते कॉम्प्रेसरची तब्येत सांगायचे. पण तेसुद्धा मे महिन्याच्या दुपारी, उन्हात तापलेल्या स्लॅबवर अर्धा तास घालवल्यावर, आधी माठातल्या पाण्यात हात बुडवून मग पाइप धरायचे. तापलेल्या हाताला 8 अंश आणि 14 अंश सारखेच गार लागतात, हे त्यांना माहीत होतं. त्या वेळी गावात चिमट्याचा थर्मामीटर मिळत नव्हता. आता मिळतो.