कवच जाड होत नाही, दार अरुंद होतं

"वारंवार घेतल्याने शरीराला अँटिबायोटिकची सवय लागते. जंतू औषध ओळखायला शिकतात आणि आपलं कवच जाड करून घेतात. मग डोस वाढवला की कवच फुटतं. ज्यांनी कधी अँटिबायोटिक घेतलंच नाही, त्यांना ही भीती नाही." शब्द थोडे इकडेतिकडे करून हा मजकूर सतत फिरत असतो. त्यातल्या डोसच्या वाक्यात चिमूटभर तथ्य आहे, बाकी सगळा गोंधळ.

पहिलं आणि शेवटचं वाक्य एकदमच निकालात काढू. प्रतिकार जिवाणूत तयार होतो, माणसाच्या शरीरात नाही. दुसऱ्याकडून आलेला जिवाणू आधीच प्रतिकारक असेल, तर ज्याने आयुष्यात एक गोळी घेतली नाही त्याच्यावरही औषध चालणार नाही.

आता ते 'जाड कवच'. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून एक जादा पटल असतं. पाण्यात विरघळणारी बरीचशी औषधं त्यातून थेट घुसू शकत नाहीत. ती पोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून आत जातात. ई. कोलायच्या ओम्पएफ या पोरिनमध्ये अशा तीन नळ्या एकमेकींना चिकटून असतात. प्रत्येक नळीत प्रथिनाचाच एक फास आत वळलेला असतो, आणि तिथे वाट जेमतेम ०.७ बाय १.१ नॅनोमीटर उरते. साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू त्यातून निभावतात. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुमारे १४५० डाल्टनचं, म्हणून या जिवाणूंपुढे ते मुळातच हतबल. त्यासाठी कुठल्याही उत्परिवर्तनाची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, गरज पडलेली नाही.

क्लेब्सिएलाच्या काही प्रतिकारक वाणांत ओम्पके-३६ या पोरिनच्या नेमक्या त्या फासात दोन जादा अमिनो आम्लं घुसलेली सापडतात: ग्लायसिन आणि अस्पार्टिक आम्ल. तीनशेहून अधिक अमिनो आम्लांच्या प्रथिनात फक्त दोन! पटलाची जाडी होती तेवढीच. वाट मात्र आवळली गेली आणि मेरोपेनेमसारखी औषधं अडखळू लागली. पोरिन बनवणंच बंद करणाऱ्या जिवाणूला त्याची किंमत मोजावी लागते, कारण त्याचं अन्नही त्याच वाटेने येतं. दार आवळणाऱ्याला हा सौदा बराच स्वस्त पडतो.

स्यूडोमोनासची तऱ्हा वेगळी. मेरोपेनेमच्याच कुळातलं इमिपेनेम त्याच्यात मुख्यतः ओपीआर-डी या पोरिनमधून शिरतं. ही वाट खरं तर काही अमिनो आम्लांसाठी असते. उत्परिवर्तनाने ती बिघडली, की कल्चरच्या ताटलीवर फरक डोळ्यांना दिसतो: इमिपेनेम लावलेल्या डिस्कभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ पार आक्रसलेलं, शेजारच्या मेरोपेनेमचं मात्र बरंच शाबूत. कवचच जाड झालं असतं, तर ही निवड कुणी केली असती?

'शिकतात' या शब्दाचा निकाल १९४३ सालीच लागला आहे. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी ई. कोलायच्या अनेक, स्वतंत्रपणे वाढवलेल्या वाढींवर टी-१ हा जिवाणूभक्षक विषाणू सोडला. हल्ला झाल्यावर जिवाणू शिकत असते, तर प्रत्येक वाढीत साधारण सारखेच वाचले असते. प्रत्यक्षात काहींत एकही नाही, काहींत ढीगभर. म्हणजे बदल हल्ल्याआधीच, कुठे लवकर तर कुठे उशिरा, आपोआप घडलेले होते. मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते: टी-१ ज्यावर उतरतो ते एफएचयू-ए हेही बाह्यपटलातलंच प्रथिन, आणि अल्बोमायसिन हे अँटिबायोटिक त्याच दारातून आत जातं. ते दार मोडलेला जिवाणू दोघांपासूनही वाचतो, दोघांपैकी एकाचीही गाठ पडलेली नसताना. औषध काही शिकवत नाही. ते बाकीच्यांना मारतं आणि अशांसाठी रान मोकळं करतं.

राहिला डोस. प्रतिकार किंचित वाढलेला असेल, तर डॉक्टर खरोखरच डोस वाढवतात किंवा सलाइनमधून औषध जास्त वेळ चालू ठेवतात. अशा तपासण्यांचे निकष ठरवणाऱ्या युरोपातल्या यूकास्ट समितीने तर २०१९ पासून कल्चर रिपोर्टमध्ये औषधापुढे लिहिल्या जाणाऱ्या 'आय' या अक्षराचा अर्थच 'औषधाची मात्रा वाढवल्यास उपयोगी' असा केला आहे. पण फिरणारा मजकूर सांगतो तसं कवच वगैरे काही फुटत नाही. अरुंद दाराच्या आत बहुतेकदा बीटा-लॅक्टमेझ हे एंझाइमही बसलेलं असतं. औषध थेंबाथेंबाने आत आलं, की त्याला ते निवांत तोडता येतं. दोन्ही एकत्र आले, की लागणारी मात्रा इतकी वाढते, की तेवढं औषध रक्तात सुरक्षितपणे ठेवताच येत नाही. रिपोर्टवर तेव्हा 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे प्रतिकारक) असतो, आणि त्याच औषधाची जास्त गोळी हा त्यावरचा उपाय नसतो.